भुरीचा पोळा

आमची शेवटची बैलजोडी विकली, त्या वर्षी बाबांनी पोळा बंद केला नाही. फक्त बैल बदलला. बैलांच्या जागी भुरी आली. भुरी म्हणजे कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातून आणलेली राखाडी रंगाची जुनी पिकअप. पुढे तिघं दाटीवाटीनं बसतील एवढी जागा, मागे उघडा डाला, आणि गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही जोर लावायची. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्याचे चार महिने त्या बुटक्या दांड्याशिवाय गाडी म्हणजे अंगणात उभं केलेलं ओझंच. बाबा त्याला 'फोर व्हीलचा दांडा' म्हणायचे, आणि तो ओढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते माझ्या बारावीच्या निकालालाही दिसलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण देतात. बाबांनी भुरीच्या बॉनेटला तूप-हळद चोळली, हात जोडले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." रामाजी आमचा सालदार, वर्षाच्या बोलीनं आमच्या शेतात राबणारा, बाबांच्याच वयाचा माणूस. तो दुपट्टा तोंडाला लावून हसत होता. "मालक, गाडी पुरनपोळी खाईन का?" बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तू खात नाही का? मंग ते बी खाईन. तुह्यापरीस जास्त काम करते ते."

आमचं घर शेतातच होतं, नागपूर जिल्ह्यात, खाप्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत. मधला रस्ता म्हणजे पांधण, दोन्ही बाजूंनी बाभळी आणि मध्ये चिखल. पावसाळ्यात कन्हान नदी भरून वाहायला लागली की तिचा आवाज घरात ऐकू यायचा. जेवताना, झोपताना, अभ्यास करताना, सतत. पाहुण्यांना त्या आवाजाची भीती वाटायची, आम्हाला तो थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. घरात माणसं मोजकी. मी चार वर्षांची असताना आई गेली. काका खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला, तिथेच क्वार्टरमध्ये राहायचे आणि सुट्टीला यायचे. काकू मात्र शेतावरच राहिली, माझ्यासाठी. तिला स्वतःचं मूल झालं नाही. मला आईचा चेहरा आठवत नाही, पण त्याची खंत मला फारशी कधी वाटली नाही, यातच काकूबद्दल सगळं आलं.

या घरात एक गंमत होती. बाबा काकूचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नसे. डोक्यावर पदर ओढून घ्यायचा, समोरून जायचं नाही, आणि बोलायचं ते तिसऱ्यामार्फत. ती तिसरी मी. "पूस वं तुह्या बाबाले, भाकर टाकू का." बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. ते मला सांगायचे, "टाक म्हना." मी मध्ये उभी राहून दोघांचं ऐकलेलंच दोघांना पुन्हा ऐकवायची. काकूला बाबांना काही पटवून द्यायचं असलं तर ती मला बाजूला घेऊन म्हणायची, "सांग वं तुह्या बाबाले." या तीन-चार शब्दांवर आमचा संसार चालायचा. माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणते, "आई, तू तर त्यांचा टेलिफोन होतीस." होतेच. आणि टेलिफोन बिघडला तर काय होतं, तेही एकदा कळलं. मी शाळेत असताना धुऱ्याचं, म्हणजे बांधावरचं, फाटक माझ्या हातून उघडं राहिलं, आणि शेजाऱ्यांची गुरं शिरून अर्धा हरभरा खाऊन गेली. बाबांनी मारलं नाही. ओरडलेही नाहीत. ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. काकूशी तर ते बोलतच नव्हते. त्यामुळे महिनाभर आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. मार खाल्ला असता तर विसरले असते. तो महिना मी अजून विसरलेले नाही. पुढे जे घडलं त्याला ही सबब म्हणून मी सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय ते कळणारही नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळी भुरीला धुतलं. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावतात. भुरीची शिंगं कुठली म्हणायची, यावर मी आणि काकूनं बराच विचार केला, आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध वाटीएवढी एकेक लोखंडी चकती होती, त्या दोन चकत्यांवर आमचं एकमत झालं. त्या चकत्यांना बाबा 'हब' म्हणायचे. मिरगाचा पाऊस पडला की ते स्वतः पकड घेऊन बसायचे, दोन्ही चकत्या फिरवून 'लॉक' करायचे, म्हणजे चाकं आतल्या आसाला बांधली जायची. दिवाळी झाली की पुन्हा 'फ्री' करायचे, म्हणजे डिझेल कमी लागायचं. मधल्या काळात त्यांना कोणी हात लावायचा नाही, एवढा नियम मला माहीत होता. रंग लावणं म्हणजे हात लावणं नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. लाल ऑइलपेंट कालवला, ब्रश घेतला आणि बघते तर काय, उजव्या चकतीवरचा बाण सरळ वर आणि डाव्या चकतीवरचा तिरपा खाली. एक शिंग वर अन् एक खाली असलेला बैल कोणी तोरणाखाली नेतं का? मी सीटखालची पकड काढली आणि डावी चकती फिरवून दोन्ही बाण सारखे करून टाकले. चाकं थांबताना वेगवेगळी थांबली होती, म्हणून बाण वेगळे दिसत होते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मग दोन हात रंग दिला. बाण, अक्षरं, खुणा सगळं लालभडक रंगाखाली गेलं.

बाबांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "वा वं पोरी! शिंगं झाली भुरीले." बाबांकडून 'वा' मिळणं सोपं नव्हतं. मी दिवसभर हवेत होते. त्या दिवशी उघडीप होती, पांधण वाळली होती, आणि भुरी झेंडूच्या माळा घालून गावातल्या तोरणाखाली खऱ्या बैलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. लोक हसले, पण पुरणपोळीचा घास तिच्या बंपरलाही लावला. घरी येऊन आम्ही वडे, कढी आणि पुरणपोळी खाल्ली. रामाजीनं सात पोळ्या खाल्ल्या, आणि भुरीच्या वाटणीची आठवी मागून घेतली.

पाऊस संध्याकाळी लागला तो सकाळी दहाला थांबला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, गावातली लहान पोरं लाकडी बैल सजवून फिरवतात. मला बघायला जायचं होतं. काकू म्हणाली, आधी शिळ्या पोळ्या तुपावर गरम करून देते, मग जा. चुलीला गोवऱ्या हव्या होत्या म्हणून ती मागच्या पडवीत गेली. मी वाटीत दूध काढत होते. ती परत आली ती रिकाम्या हातानं, उजवं मनगट डाव्या हातात घट्ट धरून. आवाज अगदी साधा होता. "मले पान लागलं वं." आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. करंगळीच्या खाली दोन ठिपके होते, आणि ठिपक्यांभोवतीची जागा फुगायला लागली होती. गोवऱ्यांच्या ढिगाशी रामाजीनं नाग पाहिला. फणा काढलेला, हलायला तयार नसलेला.

बाबांनी भुरी काढली. डाल्यात गादी टाकली, काकूला तिच्यावर निजवलं, वर ताडपत्री ओढली. मी तिच्याजवळ बसले, रामाजी पुढे बाबांशेजारी. काकू मला सांगत होती, दूध झाकून ठेवलं नाही, मांजर पिऊन घेईल. मला बरं वाटलं. जिला दुधाची काळजी आहे तिला काही होत नाही, असं मी मनाशी म्हटलं. पांधणीच्या मध्यावर एक खोलगट जागा आहे. तिथे पाण्याखाली गुडघाभर चिखल झाला होता. भुरी त्यात उतरली, घरघरली आणि थांबली.

बाबांनी बुटका दांडा ओढला. खट्ट असा आवाज झाला, नेहमीसारखाच. मी डाल्यातून वाकून पाहत होते. मागची चाकं चिखल उडवत गरागरा फिरली. पुढची दोन्ही चाकं जागची हलली नाहीत, देवळासमोरच्या नंदीसारखी नुसती बसून राहिली. डाव्या चाकावरची लाल चकती माझ्याकडे बघत होती. त्याच क्षणी मला कळलं. नंतर नाही, हळूहळू नाही, त्याच क्षणी.

आता मी निवृत्त आहे. तीस वर्षं मुलांना मोटार मेकॅनिकचं शिकवलं. फोर व्हील लागत नसेल तर कुठून सुरुवात करायची, असं कोणी विचारलं तर मी झोपेतही सांगेन: आधी बाहेरून दिसणारं बघा, मग आतलं उघडा. पुढच्या दोन हबपैकी एक जरी मोकळा राहिला तरी दोन्ही चाकांचा जोर जातो, कारण ताकद सोपी वाट शोधते आणि मोकळ्या बाजूनं वाया जाते. माझी मुलं हे वहीत लिहून घ्यायची. मी हे कुठे शिकले ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

बाबांनी दांडा पुन्हा काढला, पुन्हा लावला. गाडी जरा मागे घेऊन पाहिली, कारण कधी कधी मागेपुढे केलं की आतले दाते बसतात. भुरी आणखी चार बोटं रुतली. रामाजी चिखलात आडवा होऊन खाली शिरला आणि ओरडला, "मालक, पुढचा शाफ्ट तं फिरून राहिला!"

"शाफ्ट फिरते तं चाक काहून नाही फिरत?"

"हब पाह्यता का?"

"हब माह्या हातानं लॉक केले म्या, मिरगात. त्याले कोन हात लावते?" बाबांचा आवाज चढला. "आतले दाते गेले असन. गेली गाडी."

हब पाहा, असं रामाजीनं सांगितलं होतं. मला फक्त 'हो बाबा, पाहा' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. माझं तोंड उघडलं नाही. मला हरभऱ्याचा महिना आठवला. मला कालचं 'वा' आठवलं. आणि त्याहून वाईट विचार आला: मी बोलले तर जे काही होईल ते माझ्यामुळे झालं असं ठरेल, गप्प राहिले तर ते गाडीमुळे झालं, नशिबामुळे झालं. हा विचार मी केला. अठरा वर्षांची होते, लहान नव्हते. हा विचार केल्याचं मी आजवर कुठे बोलले नाही.

काकूच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. झोप येते तशा नाही. ती उघडायला बघत होती आणि त्या उघडत नव्हत्या. बोलणं तोंडात घोळत होतं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "सांग." मी वाकले. ती पुन्हा म्हणाली, "सांग वं... बाबाले." शब्द जाड, ओले, पण मला स्पष्ट कळले. पुढे बाबांना नुसता आवाज ऐकू आला असणार. ते खिडकीतून मान बाहेर काढून ओरडले, "काय म्हनून राहिली ते?"

मी म्हटलं, "पानी मागते."

बाबांनी बाटली दिली. मी ती काकूच्या ओठांना लावली. तिला गिळता आलं नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं आणि गादीत जिरलं. तिचे अर्धे मिटलेले डोळे माझ्यावरच होते. तिला नक्की काय सांगायचं होतं, माझ्या डोक्यात आहे तेच का, की दुसरंच काही, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची हिंमतही नव्हती. कन्हानचा आवाज येत होता. बाभळीवरून पाणी ठिबकत होतं. गावाच्या बाजूनं तान्ह्या पोळ्याचा ढोल ऐकू येत होता. त्या आवाजाकडे मी कान लावून बसले, म्हणजे काकूचा श्वास ऐकू येऊ नये.

रामाजी म्हणाला, गावातून बैल आणतो आणि गाडी ओढून काढतो. बाबा म्हणाले, "पोळ्याचा दुसरा दिवस हाये गा, आज कोन जुंपन बैल?" पोळ्याच्या सणात बैलांच्या मानेवर जू ठेवणं आमच्याकडे पाप. रामाजी म्हणाला, "पाया पडतो मालक लोकायच्या," आणि चिखल तुडवत पळाला. जाऊन यायला कमीत कमी तास. बाबा त्याच्या पाठीकडे बघत उभे राहिले. मग ते मागे आले. त्यांनी ठरवलं होतं की काकूला उचलायचं आणि खांद्यावर घेऊन डांबरीपर्यंत चालायचं.

ते डाल्यात चढले. ज्या बाईच्या चेहऱ्याकडे त्यांनी सोळा-सतरा वर्षं कधी सरळ पाहिलं नव्हतं, तिच्याजवळ ते गुडघ्यांवर बसले. ते म्हणाले, "बाई, डोळे उघड. भिऊ नको." त्यांनी तिच्याशी बोललेले ते पहिले शब्द. आणि काकूनं, जिचा हात आता धड उचलत नव्हता, त्या हातानं पदर चाचपडला आणि तोंडावर ओढायला बघितला. तो अर्ध्यावरच राहिला. बाबांच्या घशातून एक आवाज आला. मी तसा आवाज त्यांच्याकडून आधी कधी ऐकला नव्हता. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. मी आयुष्यभर ज्या माणसाला भीत आले, तो माणूस इतका भ्यालेला होता की मला त्याची भीती वाटेनाशी झाली.

मी उडी मारली. सीटखालून पकड आणि पेचकस घेतला, डाव्या चाकाशी चिखलात बसले आणि रंग खरवडायला लागले. बाबा वरून ओरडले, "काय करून राहिली?" मी म्हटलं, "हब पाहते." ते म्हणाले, "लॉक हाये तो!" मी म्हटलं, "नाही." रंग वरून वाळलेला आणि आत मऊ होता, सगळा नखांत गेला. बाण दिसला. तो 'फ्री'वर होता. मी पकडीनं चकती धरली आणि पिरगाळली. ती हलेना, रंग फटीत जाऊन बसला होता. पकड सटकली, तळहाताचं सालटं निघालं. पुन्हा धरली. तेवढ्यात बाबा शेजारी आले, माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून जोर लावला. चकती करकरली आणि फिरली.

बाबा धावत जाऊन बसले. दांडा आधीच लागलेला होता. पुढची चाकं पाव वळसा फिरली, थांबली, मग दोन्हींनी एकदम चिखल धरला आणि भुरी वर आली. गावाच्या वळणावर रामाजी दोन बैल आणि एक म्हातारा शेतकरी घेऊन येताना भेटला. म्हणजे कोणीतरी जुंपायला तयार झालं होतं. आम्ही न थांबता गेलो.

खाप्याच्या दवाखान्यात औषध होतं. पण तिथून नागपूरला नेईपर्यंत काकूचा श्वास तिचा राहिला नव्हता. हातानं दाबायची हवेची पिशवी असते. दाबली की छाती वर येते, सोडली की खाली जाते. नागपूरच्या वॉर्डात ती मी आणि काकांनी पाळीपाळीनं दाबली. माझ्या सोललेल्या तळहाताला पट्टी बांधली होती आणि त्याच हातानं मी दाबत होते, कारण दुखलं पाहिजे असं मला वाटत होतं. प्रत्येक वेळी छाती वर आली की मी मनात म्हणायची, मी सांगेन, ही उठली की सगळ्यांना सांगेन. चौथ्या दिवशी तिनं स्वतः श्वास घेतला. डॉक्टर बाबांना म्हणाले, "वेळेवर आणलं." मी खाली बघितलं.

आणि सांगितलं नाही. बाबांनी वॉर्डाच्या व्हरांड्यात मला विचारलं, "तुले कसं सुचलं वं?" मी म्हटलं, "असंच. वाटलं." त्यांनी माझ्या हातावरची पट्टी पाहिली. मग म्हणाले, "माहीच चूक. डावा हब म्याच अर्धवट फिरवला असन मिरगात. माह्या हातानं गेली असती ते." मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले. पुढे ते येईल त्याला सांगत राहिले की बापाची चूक पोरीनं हेरली, या पोरीला मशीनचं डोकं आहे. त्याच पावसाळ्यात त्यांनी माझ्यासाठी आलेलं स्थळ परत पाठवलं आणि मला नागपूरला शिकायला ठेवलं. आमच्या गावची मोटार मेकॅनिक शिकलेली पहिली मुलगी मी. माझी नोकरी, माझं नागपुरातलं हुडकेश्वरचं घर, माझं नाव, सगळं त्या 'असंच वाटलं'वर उभं आहे. बाबा मात्र त्यानंतर कुठलंही काम पूर्ण झालं यावर विश्वास ठेवेनासे झाले. फाटक लावलं की परत जाऊन बघायचे, मोटार बंद केली की परत बघायचे. म्हातारपणात ते एका संध्याकाळी तीन-तीनदा उठायचे. लोक म्हणायचे, वयामुळे. मला माहीत होतं कशामुळे.

बाबा गेल्यावर तेराव्याला माणसं जमली, तेव्हा रामाजीच्या मुलानं तीच गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. माणसं गेल्यावर मी आणि काकू ओसरीवर बसलो होतो. ती ऐंशीच्या घरातली, पाय पसरून, पायांना तेल लावत होती. मी म्हटलं, "काकू, ती चकती मीच फिरवली होती. रंग देताना. आणि बाबांनी दांडा ओढला ना, तेव्हाच मला कळलं होतं."

काकूनं तेलाची वाटी खाली ठेवली. "माहीत हाये. मी माळ ओवून राहिली होती ना तुह्या मांगं."

"मग तू 'सांग' म्हणालीस ते..."

"तेच म्हनत होती. तं तू पानी पाजून राहिली मले." आणि ती चक्क हसली.

मला हसू आलं नाही. मी विचारलं, नंतर का नाही बोललीस, बाबा स्वतःला दोष देत राहिले तेव्हा. ती म्हणाली, "तुले शिकवून राहिले होते ना. मी तोंड कायले उघडू?" मग पुन्हा वाटी उचलत म्हणाली, "ते चुकलंच माह्यं. त्यायच्याशी एकडाव तरी बोलाले पाह्यजे होतं."

मग मी ते विचारलं, जे चाळीस वर्षं विचारायचं राहिलं होतं. "आणि मी शेवटपर्यंत बोललेच नसते तर?"

काकूनं विचार केला. खरंच केला, उगाच समजूत घालायची म्हणून उत्तर दिलं नाही. "तं मेली असती," ती म्हणाली. "मरनाचं तेवढं भेव नव्हतं वाटत मले. पन मी गेली अन् हे तुह्या एकटीच्या मनात राह्यलं, तं मंग तुले कोन सांभाळन, याचंच भेव लागलं होतं."